मधुमेह्याच्या ताटातील फळ

रक्ततपासणीचा कागद हाती यावा, त्यावरील साखरेचा आकडा मर्यादेबाहेर गेला असल्याचे डॉक्टरांनी सांगावे आणि रुग्ण घरी परतावा, की त्या घरात जी पहिली मनाई जारी होते ती बहुधा फळांवर होते. सकाळच्या चहातील साखर दोन चमच्यांवरून एकावर येते खरी, पण चहाबरोबरची बिस्किटे कायम राहतात. दुपारच्या तीन पोळ्या आणि त्यावरची भाताची मूद यांना कोणी हात लावीत नाही. रात्री जेवण नको म्हणून केलेले पोहे किंवा उपमा हलका आहार म्हणून निर्वेधपणे ताटात येतात. आणि टोपलीतली केळी, पपई, पेरू, चिकू, वैशाखात आढीत पिकत असलेला आंबा हे सारे मात्र ज्याच्या नावे मधुमेह लागला त्याच्यापुरते निषिद्ध ठरतात. नातवंडांच्या हातांवरून आमरसाचे ओघळ वाहत असताना शेजारीच ताक पीत बसलेले आजोबा हे दृश्य ज्या घराने पाहिले नसेल असे घर आता महाराष्ट्रात विरळाच. कारण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे या देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे दहा कोटी दहा लाख आहे, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची त्याहूनही अधिक.

ही मनाई शास्त्राला धरून नाही, आणि रुग्णाच्या हिताचीही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यापायी माणूस जीवनसत्त्वे, क्षार आणि तंतू यांना मुकतो ते तर आहेच. पण आपल्या रक्तातील साखर वाढविणारा खरा भार कोठून येतो याकडे त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे लक्षच जात नाही, हे अधिक मोठे नुकसान होय.

अर्थात ही मनाई अकारण जन्मली असेही नव्हे. मधुर रस आणि हा रोग यांचा संबंध आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात ही गोष्ट चरकाने नोंदवून ठेविली आहे, आणि सुश्रुताने जन्मतः येणारा व अपथ्याने जडणारा असे प्रमेहाचे दोन भेदही सांगितले आहेत. युरोपात मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ साली रुग्णाच्या मूत्रातील गोडी ही साखरेचीच असते असे दाखवून दिले. त्यापुढील दीडशे वर्षांत या रोगावर खरे औषध असे नव्हतेच; आहार तोडणे एवढाच उपाय वैद्यांच्या हाती होता. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जी उपासमारीची चिकित्सा रूढ केली, तिच्यात तर भाज्यादेखील तीन तीन वेळा उकडून, पाणी फेकून देऊन, उरला चोथा रोग्यास देत. मग फळाची काय कथा! १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हस्तगत केले, पुढील जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलास ते प्रथम टोचले गेले, आणि आहारचिकित्सेचा तो कठोर काळ संपला. निरुपायाच्या त्या काळात फळावर जी बंदी आली तिला समजण्याजोगे कारण होते. ते कारण नाहीसे होऊन शतक लोटले, परंतु घरोघरीची बंदी मात्र उठली नाही.

ती न उठण्याचे एक कारण असे की, पदार्थाची पारख आपण जिभेवर सोपवितो. जे गोड लागते ते वाईट, जे तुरट, आंबट वा कडू लागते ते मधुमेहास चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. आता कलिंगड घ्या. ते जिभेला भलतेच गोड, म्हणून वर्ज्य. पण शंभर ग्रॅम कलिंगडात नव्वदाहून अधिक भाग पाणी आणि कर्बोदके जेमतेम साडेसात ग्रॅम. जांभूळ तुरट, म्हणून ते वाटेल तितके खावे अशी समजूत. परंतु त्याच्या तितक्याच गरात कर्बोदके कलिंगडाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम असतात. आणि ज्या शिजलेल्या भाताला जिभेवर गोडीचा मागमूसही नाही, त्याच्या शंभर ग्रॅमांत ती अठ्ठावीसच्या आसपास भरतात. भातातील पिष्ट पोटात गेल्यावर शेवटी द्राक्षशर्करेतच रूपांतरित होते. ती प्रक्रिया जिभेला कळत नाही इतकेच.

फळातील साखर एकजिनसी नसते. द्राक्षशर्करा, फलशर्करा आणि इक्षुशर्करा या तिन्ही तिच्यात कमीअधिक प्रमाणात मिसळलेल्या असतात. त्यांतील द्राक्षशर्करा सरळ रक्तात उतरते, तर फलशर्करेचा बराचसा भाग आधी यकृताकडे जातो आणि रक्तातील साखरेचा आकडा तिने लगेच उसळत नाही. याउलट तीच फलशर्करा फळातून निराळी काढून भरमसाट प्रमाणात घेतली तर यकृतात चरबी साचते व रक्तातील मेद वाढतो. म्हणून मधुमेह्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्रुक्टोजच्या डब्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. अखंड फळात मात्र ही साखर पेशींच्या भिंतींत कोंडलेली असते, तिच्याभोवती पेक्टिन आणि इतर तंतू असतात, चावण्यास वेळ लागतो, जठर सावकाश रिकामे होते, आणि साखर रक्तात थोडीथोडीच झिरपते. हा वेगच स्वादुपिंडाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

वेग मोजण्याची एक पद्धत टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. पन्नास ग्रॅम कर्बोदके मिळतील इतका पदार्थ खावयास देऊन पुढील दोन तासांत रक्तातील साखर किती चढते ते पाहावयाचे, आणि शुद्ध ग्लुकोजचा चढ शंभर धरून त्याच्याशी ते ताडून पाहावयाचे, अशी ती रीत. पंचावन्नपर्यंतचा अंक कमी, सत्तर व त्यावरचा अधिक. सफरचंद, संत्रे, पेरू ही कमी अंकाच्या गटात येतात, आणि पूर्ण न पिकलेले केळेही. पपई, अननस मधल्या गटात. आणि कलिंगड सत्तरीच्या वर. हा अंक वृत्तपत्रांतून छापून येऊ लागल्यापासून कलिंगडावर दुसऱ्यांदा बालंट आले. परंतु पन्नास ग्रॅम कर्बोदके मिळविण्यासाठी साडेसहाशे ग्रॅमांहून अधिक कलिंगडाचा गर पोटात घालावा लागतो, ही गोष्ट त्या कोष्टकात दिसत नाही. माणूस एका वेळी दीडशे ग्रॅमांच्या फोडी खाईल. त्यांत कर्बोदके अकरा ग्रॅम. अंक आणि प्रत्यक्ष पोटात गेलेले प्रमाण यांचा गुणाकार करून शंभराने भागले म्हणजे जो भार निघतो, तो येथे आठच्या सुमाराचा, आणि दहापर्यंतचा भार हलका समजतात. यास्तव नुसता अंक पाहून फळाची निवड करू नये. एका बैठकीत आपण ते किती खातो, हे त्याच्याबरोबर पाहावे.

आहारतज्ज्ञ यासाठी एक सोपे माप वापरतात. फळाचा एक वाटा म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम कर्बोदके. मध्यम पेरू, लहान सफरचंद, मध्यम संत्रे, पपईच्या फोडींची मोठी वाटी, पंधरा-सतरा द्राक्षे, अर्धे मोठे केळे, हा प्रत्येकी एक वाटा. दिवसातून असे दोन वाटे, एकाच वेळी न घेता निरनिराळ्या वेळी, ज्याचा आजार आटोक्यात आहे अशा बहुतेक मधुमेह्यांना पचनी पडतात.

आता आंब्याविषयी, कारण मराठी माणसाचे खरे दुःख तेथे आहे. देवगडचा किंवा रत्नागिरीचा पाव किलो वजनाचा एक हापूस स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून मग कापून पाहावा. साल आणि कोय बाजूला केली की दीडशे ग्रॅमांच्या आसपास गर हाती येतो, आणि त्यात कर्बोदके असतात बावीस-तेवीस ग्रॅम. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ती वीसच्या घरात असतात. कोयीच्या एका अंगाची फोड म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम गर, अर्थात अर्ध्या पोळीइतकीच कर्बोदके. इतक्या आंब्याने कोणावर अनर्थ ओढवत नाही. अनर्थ ओढवतो तो पंगतीतल्या आमरसाने: दोन-तीन आंब्यांचा रस, त्यात दूध, वरून साखर, सोबत पुऱ्या, आणि वाटी रिकामी होण्यापूर्वीच वाढणाऱ्याचा आग्रह. तीन वाट्या रस म्हणजे आंब्याचीच साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदके, साखर आणि पुऱ्या यांचा हिशेब वेगळा. शिवाय रस चावावा लागत नसल्यामुळे तो किती गेला याचे भान जिभेला किंवा पोटाला राहत नाही. यास्तव मधुमेह्याने आंबा फोडी करून खावा, रस करून नव्हे. आणि जेवणानंतर वर म्हणून नव्हे, तर जेवणातील एक पोळी किंवा अर्धी वाटी भात कमी करून त्याच्या जागी खावा. डब्यातील तयार पल्पात पुष्कळदा साखर घातलेली असते; डब्यावरची अक्षरे वाचल्यावाचून तो घरात आणू नये. रायवळ आंबे चोखून खाण्याची हौस असेल तर एक, फार तर लहान दोन. त्यांतील तंतू थोडे साहाय्यच करतात.

आजाऱ्याला भेटावयास जाताना सफरचंदे नेण्याचा शिरस्ता आपल्याकडे इतका पक्का झाला आहे की, मधुमेह्याच्या घरी अन्य फळ न्यावयास लोक धजत नाहीत. सफरचंद चांगलेच आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु त्याच्या निम्म्या-तिम्म्या किमतीत मिळणारा पेरू दोन बाबतींत त्याच्यावर निःसंशय मात करतो. पेरूत तंतू सफरचंदाच्या दुपटीने असतात, आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर तो संत्र्यालाही चौपटीने मागे टाकतो. लखनौ-४९, ज्याला सरदार असेही नाव आहे, ही सर्वदूर पसरलेली पेरूची जात तर पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ साली निवडून काढलेली. असा पेरू मधुमेह्याने सालीसकट, बियांसकट, अंमळ कच्चा असतानाच खावा. गाडीवरचा विक्रेता चार फाका करून त्यांवर जे तिखट-मीठ भुरभुरतो, तेवढे रक्तदाब असणाऱ्याने नको म्हणावे. पेरूखालोखाल नागपुरी संत्रे, जालन्याची मोसंबी (साल काढून, पांढऱ्या पापुद्र्यासह फोडी चघळून), पपई आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांचा मी निःशंकपणे पुरस्कार करीन. स्ट्रॉबेरीच्या शंभर ग्रॅमांत कर्बोदके आठच ग्रॅम; मात्र तिच्यावर साय आणि साखर यांचा थर चढला की ती स्ट्रॉबेरी राहत नाही.

केळे, चिकू, सीताफळ आणि फणस यांच्याशी अधिक तारतम्याने वागावे लागते, कारण त्यांच्या शंभर ग्रॅमांत वीस ते चोवीस ग्रॅम कर्बोदके असतात. केळ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. हिरव्या केळ्यात बहुतेक भाग पिष्टाचा असतो, आणि त्यातील काही पिष्ट तर लहान आतड्यात पचतच नाही. केळे जसजसे पिवळे होऊन त्यावर काळे ठिपके येऊ लागतात तसतसे ते पिष्ट साखर बनत जाते. म्हणून ठिपके पडण्यापूर्वीचे केळे निवडावे, आणि जळगावचे भले मोठे केळे एका वेळी पुरते न खाता अर्धे खावे. अथवा वेलची केळे एकच घ्यावे, त्यात माप आपोआपच राखले जाते. शिकरण टाळावी. सीताफळ सासवडकडचे असो वा बीडचे, अर्ध्यावर थांबणे कठीण जाते हे मला मान्य आहे, पण थांबावे. द्राक्षे मोजून ताटलीत काढावी, घोस हाती घेऊन बसू नये. आणि बेदाणे, मनुका, खजूर, सुके अंजीर यांच्या बाबतीत पाणी उडून गेल्यामुळे साखर किती एकवटली आहे हे विसरू नये: शंभर ग्रॅम द्राक्षांतील अठरा ग्रॅम कर्बोदके शंभर ग्रॅम बेदाण्यांत एकोणऐंशीपर्यंत पोहोचतात.

निषिद्धच म्हणावयाचे असेल तर ते मी फळाला न म्हणता रसाला म्हणेन. आजारी माणसाला मोसंबीचा रस द्यावा ही आपल्या घरांतील अत्यंत प्रेमळ, आणि मधुमेह्यापुरती अत्यंत चुकीची प्रथा आहे. रसवंतीच्या दुकानात क्षणभर उभे राहून पाहावे: चार-पाच मोसंबी सोलून यंत्रात जातात, एका बाजूने चोथा टोपलीत पडतो, दुसऱ्या बाजूने पेला भरतो, त्यात विचारल्याशिवाय चमचाभर साखर पडते, आणि दोन मिनिटांत तो पेला रिता होतो. तीच चार मोसंबी सोलून खावयास बसला असता तर दुसरीनंतरच त्या माणसाने पुरे म्हटले असते. ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९७७ साली निरोगी माणसांना तेवढ्याच कर्बोदकांची सफरचंदे एकदा अखंड, एकदा लगदा करून आणि एकदा रस काढून दिली. रस अखंड फळापेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला, त्याने भूक कमी भागली, आणि रक्तातील इन्सुलिन अधिक चढून नंतर साखर एकाएकी खाली घसरली. २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी तीन मोठ्या समुदायांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अखंड फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे व सफरचंद, अधिक खाणाऱ्यांत मधुमेह कमी आणि रस अधिक पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. खाद्यपेट्यांतील तयार रस, 'साखर न घातलेला' असे शब्द त्यावर असले तरी, याच सदरात मोडतात.

फळे कमी केल्याने आजार आटोक्यात येतो का, हाही प्रश्न प्रत्यक्ष तपासला गेला आहे. डेन्मार्कमध्ये नव्याने मधुमेह निदान झालेल्या त्रेसष्ट व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एकास दिवसाला निदान दोन फळे खाण्याचा सल्ला दिला, दुसऱ्यास दोहोंपेक्षा अधिक नको असे सांगितले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. चीनमधील पाच लाख लोकांच्या पाहणीत तर आधीच मधुमेह असलेल्यांपैकी जे आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक ताजी फळे खात, त्यांच्यात मृत्यू आणि रक्तवाहिन्यांचे विकार कमी आढळले. अशा पाहण्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. पण फळ हे विष आहे या समजुतीला आधार उरत नाही, एवढे निश्चित.

जांभळाविषयी एक शब्द लिहिलाच पाहिजे. मृगाच्या सुमारास येणारे हे फळ आनंदाने खावे, दहा-बारा नग एका वेळी पुरेत. परंतु त्याच्या बियांचे चूर्ण घेतले की गोळ्या बंद करता येतात, या विश्वासापायी ज्यांनी औषधे सोडली त्यांच्या डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची जी हानी होते, ती भरून निघत नाही. ते चूर्ण औषधाची जागा घेऊ शकते असे कोणत्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. कोणास घ्यावयाचेच असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू औषधांना धक्का न लावता घ्यावे.

फलाहाराच्या नावाखाली जे घडते त्याचीही चर्चा व्हावयास हवी. आषाढी एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी मधुमेही मंडळी, त्यातही घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, सकाळची गोळी घेतात, दुपारपर्यंत काही खात नाहीत, आणि नंतर साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस व दोन-तीन केळी असा एकदम आहार घेतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. सकाळी साखर घसरण्याचे भय, दुपारी ती उसळण्याचे. एकाच दिवसात दोन्ही संकटे. स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवावयास लावणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिनची टोचणी यांच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे आहे. अशांनी उपवासापूर्वी डॉक्टरांकडून त्या दिवसाच्या मात्रेची तजवीज करून घ्यावी. उपवास सोडावयाचा नसेल तर राजगिऱ्याची लहान भाकरी, दाण्याची आमटी, दही, ताक आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक फळ, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, असा क्रम ठेवता येतो. दाण्यांतील स्निग्धांश आणि प्रथिने यांनी फळातील साखरेचा चढ मंदावतो. हीच युक्ती इतर दिवशीही मधल्या वेळच्या फळाला लागू पडते.

रस निषिद्ध म्हटला त्यालाही एक अपवाद आहे. साखर सत्तरच्या खाली घसरून हात कापू लागले, दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळू लागले, तर तेव्हा अखंड फळ निरुपयोगी. ते फार सावकाश पचते. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा अर्धा पेला फळाचा रस त्वरित द्यावा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा वर आला नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा. तसेच ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने दुर्बल झाली आहेत त्यांचे पथ्य निराळे असते. केळे, संत्रे, मोसंबी, शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम त्यांना बाधक ठरू शकते, आणि कमरख तर त्यांनी कदापि खाऊ नये, कारण त्यातील विषारी द्रव्य दुबळ्या मूत्रपिंडांवाटे बाहेर न पडता मेंदूवर आघात करते.

याखेरीज माणसामाणसात जो फरक पडतो तो कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. एकाला अर्धा आंबा मानवतो, दुसऱ्याला पपईदेखील आकडा चढवून दाखविते. औषध, वय, चालणे-फिरणे, आदल्या रात्रीची झोप, सारे त्यात येते. म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर ज्या फळाविषयी शंका आहे ते ठराविक मापाने, मधल्या वेळी, एकटेच खाऊन पाहावे. खाण्यापूर्वी एकदा आणि खाण्यास आरंभ केल्यापासून दोन तासांनी एकदा रक्त तपासावे. असे निरनिराळ्या तीन-चार दिवशी करून फळाचे नाव, वजन आणि दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवावे. दोन तासांनंतरचा आकडा एकशे ऐंशीच्या आत राहत असेल तर ते फळ त्या मापात ठेवण्यास हरकत नाही. पुढे जात असेल तर फळ न सोडता आधी माप निम्मे करून पाहावे, आणि ती वही पुढील खेपेस डॉक्टरांपुढे ठेवावी.